मातीचा वाली कोण?

आपल्या भाषेने मातीवर थोडा अन्यायच केला आहे. हाती आलेली संधी कोणी दवडली तर त्याने तिची माती केली, असे आपण म्हणतो. वस्तू कवडीच्या भावाने गेली तर ती मातीमोल झाली. भलतेच कृत्य हातून घडले तर त्या मनुष्याने माती खाल्ली. आणि कोणी निवर्तला तर आपण त्याच्या मातीला जातो. हीच भाषा शेतकऱ्याच्या तोंडून शेतास काळी आई म्हणते, आणि सकाळी पाय जमिनीस टेकण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागावी असे वडीलधाऱ्यांनी घरोघर शिकविले, हेही खरे. परंतु हे आदराचे शब्द भूमीकरिता आहेत. जिला सीमा असतात, मालक असतो, वारस असतात, ती भूमी. त्या भूमीच्या अंगावरचा जो वीतभर भुसभुशीत थर, त्याच्या वाट्यास दुसऱ्याच प्रकारचे शब्द आले आहेत.

हा भेद केवळ बोलण्यातला असता तर तो भाषापंडितांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु तो आमच्या कायद्यातही शिरला आहे, आणि त्याचे परिणाम ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सुशिक्षित कुटुंबांच्या दारापर्यंत येऊन पोहोचले आहेत. भूमीकरिता सातबारा आहे, फेरफार आहे, मोजणी आहे, दिवाणी न्यायालय आहे. मातीकरिता काय आहे? विशेषतः जे अरण्य सरकारने राखून ठेविले, ज्याची तोड व लागवड आखून दिलेल्या योजनेप्रमाणे चालते, त्या अरण्यातील मातीचा वाली कोण, असा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम कायदा मातीस कोणत्या नावाने ओळखतो ते पाहू. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपज या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्या यादीत लाकूड, कोळसा, लाख, मोहाची फुले यांच्या मागोमाग, अरण्यात सापडलेल्या अगर अरण्यातून आणलेल्या वस्तूंत, पाने, गवत, कातडी, शिंगे, दगड यांच्या पंक्तीस पृष्ठभागावरील माती बसविली आहे. राखीव वनातून ती नेणे हा कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. तेथील जमीन शेतीकरिता फोडणे हाही गुन्हा आहे. मात्र वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्यास यांपैकी कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. मातीचे दुसरे नाव खाणकायद्याने ठेविले. ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने, रस्ते, लोहमार्ग, बंधारे व इमारती यांच्या भरावासाठी वापरावयाची साधी माती ही गौण खनिज ठरली आणि तिच्यावर सरकारचे स्वामित्वधन लागू झाले.

या दोन्ही नावांतील साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. माती हलली म्हणजे कायद्यास ती दिसते. ती पाटीत भरली, गाडीत घातली, भरावात टाकली, की तिचा हिशेब सुरू होतो. ती जागच्या जागी आहे तोवर तिची नोंद कोठेच नाही. वास्तविक मातीचा सारा उपयोग ती जागेवर राहण्यात आहे. लाकडाची किंमत तोडल्यावर येते, मधाची काढल्यावर येते. मातीचे मोल ती आपल्या उतारावर बसून आहे तोपर्यंतच. जिचे सर्वस्व स्थिर राहण्यात आहे तिला केवळ जंगम माल म्हणून ओळखणारा कायदा, तिच्या चोराला कदाचित पकडील, पण तिचे रक्षण करील असे म्हणता येत नाही.

ठाण्याच्या डोंगरांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. येऊरचा डोंगर, पारसिकची रांग, कल्याणच्या दक्षिणेस उभा असलेला मलंगगड, आणि पलीकडे मुरबाड-शहापूरची अरण्ये, या सर्वांचे हाड काळ्या कातळाचे आहे. त्या कातळाचा मुरूम होण्यास आणि मुरमाची माती होण्यास मनुष्याच्या पिढ्या पुरत नाहीत. इंचभर थरास शतके लागतात. आणि पाऊस तर चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास कोसळतो. असा पाऊस असा पातळ थर एका दोन वर्षांत धुऊन नेत नाही, याचे कारण मध्ये झाड उभे असते. पानांवर थेंबाचा जोर मोडतो, खाली पडलेला पाचोळा तो उरलासुरला झेलतो, मुळे मातीस धरून ठेवतात, आणि पाणी वाहून जाण्याऐवजी आत जिरते. ते जिरलेले पाणीच पुढे हिवाळ्यात झऱ्यांच्या रूपाने काळू, भातसा, उल्हास या नद्यांस येऊन मिळते. कल्याण-डोंबिवली उल्हासचे पाणी पिते, मुंबई तानसा व भातसा येथील पाणी पिते. तात्पर्य, ज्या मातीचे आपण नावही घेत नाही, तिच्यातून गाळलेले पाणी आपण रोज पितो. तीच माती जागा सोडून निघाली की नदीत गाळ होते आणि धरणात साचते; आणि पावसाने भरलेला डोंगराचा उतारच गावावर आला म्हणजे काय होते, हे ३० जुलै २०१४ रोजी माळीणने आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीने महाराष्ट्रास दाखविले आहे.

येथे कोणी म्हणेल, की म्हणूनच तर सरकारने वने राखून ठेविली. हे अंशतः खरे आहे. १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली, तेव्हा कोकणातील डोंगर उघडे पडल्याने झरे आटतात ही चिंता त्यांच्या मनात होती. परंतु पुढे १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत व १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, रुळांखाली लाकूड लागू लागले, आणि १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले तोवर अरण्याचा विचार मुख्यतः लाकडाच्या हिशेबाने होऊ लागला होता. १८६५ व १८७८ चे कायदे या हिशेबाच्या सोयीसाठी झाले. किती एकर, किती झाडे, किती वर्षांनी तोड, किती उत्पन्न, हे कार्ययोजनेत लिहिले जाऊ लागले. तोडीनंतर उतारावर माती किती राहिली, हे लिहिण्यास त्या कोष्टकात रकाना नव्हता. निर्भेळ सागाच्या बनात खालचे झुडूप वाढू दिले नाही व पाचोळा वणव्यात जळून गेला, तर वर झाडे उभी असूनही खाली माती झिजते, हे वनविद्येस ठाऊक आहे. अशा बनात नियमाप्रमाणे सर्व काही ठीक असते. माती मात्र जात असते, आणि गुन्हेगार कोणीच नसतो.

याच ठाणे जिल्ह्यात, जेव्हा आजचा पालघर जिल्हाही त्यात होता, मातीचा प्रश्न एकदा फार तीव्रतेने उपस्थित झाला होता. परंतु तो निराळ्या नावाने. भातशेतीचा रोप ज्या वाफ्यात करावयाचा तेथे शेण, ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून, वर थोडी माती पसरून, उन्हाळ्यात ते सावकाश जाळावयाचे, आणि त्या राखेत बी पेरावयाचे, यास राब म्हणतात. राखीव वनाची हद्द आखली गेली तशी कुळांची राबाची तोड अडू लागली. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. पुढे डॉ. व्होएल्कर यांनी हिंदी शेतीसंबंधीच्या आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची चर्चा केली. वनखाते म्हणे, शेतकरी झाडे ओरबाडतो. शेतकरी म्हणे, राबावाचून भात नाही. दोघांचे म्हणणे खोटे नव्हते. वस्तुतः तो वाद असा होता, की डोंगरावरच्या मातीचे अन्न खालच्या खाचराच्या मातीस किती द्यावे. त्या वादास मातीचा वाद म्हणून कोणी ओळखले असते, तर वरकस जमिनीवर झाडे वाढवून राबाची सोय लावणे आणि उतारावरचा पाचोळा उतारावर राखणे, ही दोन्ही कर्तव्ये एकत्र बसविता आली असती असे आम्हांस वाटते. तो हक्काचा वाद ठरला, आणि हक्काच्या वादात एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजय असतो.

आता मातीच्या तिसऱ्या नावाकडे वळू. ते सर्वांत सन्मानाचे आहे. १९२७ च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये, डोंगरांच्या माथ्यांवरील, उतारांवरील व खोऱ्यांतील माती राखण्याकरिता, दरडी कोसळू नयेत व जमीन धुपू नये म्हणून, तसेच झरे व तळी यांचे पाणी टिकावे म्हणून, खाजगी अरण्यातही जमीन फोडणे, गुरे चारणे, जाळपोळ करणे यांस सरकारने बंदी करावी, अशी तरतूद आहे. मुंबई प्रांताने १९४८ साली या कलमाचा विस्तार केला. मालकास आधी नोटीस द्यावयाची, त्याचे म्हणणे ऐकावयाचे, मग बंदी घालावयाची, असा क्रम ठरला. माती ही जागेवर राहावी म्हणून लिहिलेले असे शब्द आमच्या वनकायद्यात दुर्मीळ आहेत. मात्र त्यांचा रोख खाजगी मालकावर आहे. सरकारने स्वतःच्या राखीव वनात माती कशी सांभाळावी, याविषयी असे स्पष्ट कर्तव्य त्या कायद्याने सरकारवर घातलेले नाही.

या कलमाचे पुढे काय झाले, ही कथा बोधप्रद आहे. १९५६-५७ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांत व ठाणे जिल्ह्यात या कलमाखाली अनेक जमीनमालकांच्या नावे नोटिसा निघाल्या. पुढची कारवाई बहुधा झालीच नाही. १९७५ साली महाराष्ट्राने खाजगी वने संपादन करण्याचा कायदा केला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून अशी वने सरकारजमा झाली. ज्या जमिनीविषयी कलम ३५ ची नोटीस निघाली होती तीही खाजगी वनाच्या व्याख्येत धरली गेली. तथापि प्रत्यक्षात कागद कपाटात राहिला. त्याच जमिनींवर बांधकामाच्या परवानग्या मिळाल्या, इमारती उठल्या, मध्यमवर्गीय कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली. सुमारे पन्नास वर्षांनंतर, २००६ च्या सुमारास, सातबाऱ्यावर खाजगी वन अशी नोंद उमटू लागली, आणि ठाणे, मुलुंड, भांडुप येथील रहिवाशांस कळले की आपण अरण्यात राहतो! मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली सरकारच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या विक्रोळी येथील जमिनीच्या प्रकरणात ३० जानेवारी २०१४ रोजी तो फिरविला. नोटीस नुसती निघून भागत नाही, ती मालकास पोहोचली पाहिजे, त्यास बोलण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि अर्धशतक लोंबकळत ठेवलेल्या नोटिशीच्या आधारे कोणाची जमीन काढून घेता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा निर्णय न्याय्य होता असेच आम्ही म्हणू. ज्याने सरकारी परवानगी पाहून घर घेतले, त्याच्या डोक्यावर सरकारच्याच विस्मृतीचे ओझे टाकणे हा न्याय नव्हे. परंतु या प्रकरणाकडे एकदा मातीच्या बाजूने पाहा. नोटीस मातीकरिता निघाली होती. पन्नास वर्षे चाललेला प्रश्न मात्र एवढाच राहिला, की कागद निघाला की पोहोचला, जमीन मालकाची की सरकारची. उतारावर माती राहिली की गेली, हे विचारण्याचे कारणच कोणास पडले नाही. कारण मातीस न्यायालयात शिरावयाचे तर भूमीच्या मालकीखेरीज दुसरे दारच कायद्याने ठेविलेले नव्हते. सरकार जिंकले असते तरी मातीस काही मिळाले असते असे नाही. भूमी एका खातेपुस्तकातून दुसऱ्यात गेली असती, इतकेच.

आमच्या मते सर्व प्रश्नाचे मूळ येथे आहे. मालकी कोणाची हे ठरले की रक्षण आपोआप होते, अशी आपली समजूत आहे. ती अनुभवास उतरत नाही. खाजगी मालक डोंगर कापतो, हे खरे. पण सरकारी परवानगीनेही डोंगर कापला जातो, आणि त्याचा मुरूम खाडीकाठच्या सखल जागेत पडतो तेव्हा स्वामित्वधनाची पावती फाडली की सर्व यथासांग झाले असे मानले जाते. मोळीवाल्या बाईस अडविणारा पहारेकरी यंत्राने खणलेल्या चरास अडवीत नाही, कारण त्या चरास मंजुरी असते. गरिबाने फोडलेली जमीन अतिक्रमण ठरते आणि योजनेने उघडा पाडलेला उतार प्रगती ठरतो. मातीला हा भेद कळत नाही, ती दोन्ही ठिकाणांहून सारखीच वाहते.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप मालकाचा: माझ्या जमिनीवर मी काय करावे हे दुसऱ्याने का सांगावे? यास उत्तर असे, की माती मालकाच्या हद्दीत राहत नाही. वरच्याने नांगर उतारावरून उभा धरला तर खालच्याचे शेत बुजते. ज्या वस्तूचा नाश आपल्या हद्दीबाहेर जाऊन दुसऱ्यास बुडवितो, ती वस्तू केवळ आपली नसते. दुसरा आक्षेप गरिबांच्या कैवाऱ्याचा: मातीचे नाव पुढे करून ठाकूर-कातकऱ्यांस डोंगरावरून उठवाल. ही भीती निराधार नाही. राबाचा इतिहास तिच्या बाजूस आहे. म्हणूनच मातीचे कर्तव्य सांगावयाचे तर ते प्रथम सर्वांत बलवंतास, म्हणजे सरकारास व कंत्राटदारास सांगितले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्यांस जमीन मिळाली त्यांच्या उतारावर बांध घालून देणे हे शासनाचे काम आहे, बांध नाही म्हणून त्यांस हाकलणे हे नव्हे. तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: कायदे पुष्कळ आहेत, आणखी एक कशास? पण मोजून पाहावे. पाण्याकरिता १९७४ चा कायदा आहे, हवेकरिता १९८१ चा आहे. १९८६ च्या पर्यावरण कायद्याच्या व्याख्येत पाणी, हवा आणि भूमी असे शब्द आहेत. येथेही पुन्हा भूमीच! राज्यघटनेत १९७६ साली घातलेल्या कलमांत वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांचा नामनिर्देश आहे, मातीचा नाही. मुंबई प्रांताने १९४२ साली जमीनसुधारणा योजनांचा कायदा करून बांधबंदिस्तीस चालना दिली होती. सबंध देशाकरिता मातीच्या रक्षणाचा म्हणून स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही.

इतर देशांनी काय केले हेही पाहण्यासारखे आहे. १८६८ च्या महापुरांनंतर स्वित्झर्लंडने १८७६ साली डोंगराळ प्रदेशातील वनांचा कायदा केला आणि दरीखोऱ्यांचे रक्षण करणाऱ्या वनांचे क्षेत्र घटू द्यावयाचे नाही असे ठरविले. वन कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न तेथे दुय्यम झाला. जपानने १८९७ साली वनकायदा करून, माती वाहून जाऊ नये एवढ्याच हेतूने राखावयाच्या वनांचा स्वतंत्र वर्ग केला. आपल्याच देशात, शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूरकडे ओढ्यांनी शेते वाळूखाली गाडली, तेव्हा पंजाबने १९०० साली भूमिसंरक्षणाचा कायदा केला, आणि त्याखालील विशेष आदेशांनी बांधलेल्या जमिनी वन समजाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले. जर्मनीने १९९८ साली खुद्द मातीच्या रक्षणाचा कायदा केला: जो कोणी जमिनीवर काही करील त्याने मातीस अपाय होणार नाही असे वागावे, हे कर्तव्य मालक व वहिवाटदार या दोघांवरही घातले. पण त्या कायद्यानेही वनव्यवसायापुरती आगाऊ खबरदारीची बाब वनकायद्यांवर सोपविली. वनाच्या व्यवस्थापकास आपल्या पायाखालची माती पाहावयास लावणे कोठेच सोपे गेलेले नाही, हे यावरून दिसते.

आम्ही कायदेपंडित नाही. तथापि कर्तव्याची दिशा सांगता येते. १९९६ साली बियास नदीकाठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मांडले, की निसर्गाच्या काही देणग्यांची राज्यसंस्था मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्तास हिशेब द्यावा लागतो. वनाच्या प्रत्येक कार्ययोजनेत, अमुक उतारावर तोडीपूर्वी मातीचा थर किती होता आणि तोडीनंतर तिसऱ्या पावसाळ्यास किती उरला, एवढे जरी सक्तीने लिहावे लागले आणि ते पंचायतीच्या भिंतीवर लागले, तरी माती प्रथमच कोणाच्या तरी खात्यात स्थिर वस्तू म्हणून जमा होईल. तीव्र उतारावर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची सही ही मुभा न ठरता जबाबदारी ठरली पाहिजे. आणि नोटीस काढावयाची तर ती त्याच वर्षी मालकाच्या हाती पडावी, म्हणजे पुढे निरपराध घरधन्यावर वज्रपात होणार नाही.

ज्या कुटुंबांनी २०१४ च्या निकालानंतर सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांचा आनंद आम्ही समजू शकतो. त्यात सहभागीही होतो. परंतु त्यांचे घर ज्या नोटिशीतून सुटले ती नोटीस ज्या कारणासाठी निघाली होती, ते कारण निकालाने मिटलेले नाही. येऊरच्या व पारसिकच्या उतारावर पाऊस आजही त्याच जोराने पडतो आणि ओढे तांबडे होऊन खाडीकडे धावतात. घराचा हक्क मिळालेल्या मनुष्यावर त्या घरामागच्या डोंगराचेही काही ऋण येते. ते फेडावयाचे तर सोसायटीच्या सभेत, नगरपालिकेच्या आराखड्यावर हरकती मागविल्या जातात त्या दिवशी, आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवारापुढे, घरामागची माती जागेवर कशी राहील हा साधा प्रश्न त्याने विचारला पाहिजे. कायद्याने मातीस वाली दिला नाही तोवर हे काम तिच्यावर राहणाऱ्यांकडेच येते.